अ‍ॅम्प्लात्झर सेप्टल ऑक्लुडर: हृदयातल्या भोकावरची ‘छत्री’ कितपत भरवशाची?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे आणि ते ‘डिव्हाइसने बंद होईल’ असं कळलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न कंपनीचा असतो. अमेरिकन टाकायचं की दुसरं चालेल? बिलातली मोठी ओळ डिव्हाइसचीच असते, त्यामुळे हे विचारणं साहजिक आहे. पण या उपचारात यश मिळतं की घोळ होतो, ते मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. भोकाभोवती पडद्याची कड किती शिल्लक आहे, आणि निवडलेला आकार त्या पडद्याला पेलतो का. कंपनीचा क्रम त्यानंतर लागतो. अ‍ॅम्प्लात्झर सेप्टल ऑक्लुडरची शिफारस आम्ही करतो, तीही या दोन अटींवर. अटी पाळल्या तर हे जन्मजात हृदयविकारातल्या उत्तम उपकरणांपैकी एक आहे. मोडल्या तर तेच उपकरण हृदयाची भिंत घासून भोक पाडू शकतं.

एएसडी (एट्रियल सेप्टल डिफेक्ट, म्हणजे वर सांगितलेलं भोक) बंद करण्याचा इतिहास खुल्या शस्त्रक्रियेतून सुरू होतो. हार्ट-लंग मशीनवरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया याच दोषाची होती. ती जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात केली. शिरेतून नळी घालून भोक बुजवण्याचा पहिला प्रयत्न किंग आणि मिल्स यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर केला, पण त्यांची नळी इतकी जाड होती की लहान मुलांचा विचारच नको. पुढची वीस वर्षं वेगवेगळ्या छत्र्या आल्या आणि गेल्या. कुणाच्या काड्या मोडायच्या, कुणी चुकीच्या जागी उघडली की परत काढता येत नसे. मिनेसोटातले रेडिओलॉजिस्ट कर्ट अ‍ॅम्प्लात्झ यांनी नव्वदीच्या दशकात काड्यांची कल्पनाच सोडली आणि विणलेली जाळी आणली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेने) तिला डिसेंबर २००१ मध्ये मान्यता दिली. मूळ कंपनी एजीए मेडिकल. ती २०१० मध्ये सेंट ज्यूडकडे आणि २०१७ मध्ये अ‍ॅबटकडे गेली. म्हणून जुन्या रुग्णांच्या कार्डांवर वेगवेगळी नावं दिसतात. उपकरण तेच आहे.

बनावट

निटिनॉल, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या बारीक तारा विणून केलेल्या दोन चकत्या, आणि त्यांना जोडणारी आखूड कंबर. दोऱ्याच्या रिळासारखा हा आकार डोळ्यांसमोर ठेवला तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. चकत्यांच्या आत पॉलिएस्टरचं कापड शिवलेलं असतं. रक्त अडतं ते कापडामुळे, जाळी फक्त आधार देते. निटिनॉलला आकाराची ‘आठवण’ असते. ताणून बारीक नळीत भरलं आणि पलीकडे बाहेर ढकललं की ते मूळ रूपात उघडतं.

खोक्यावरचा आकडा हा कंबरेचा व्यास असतो. ४ ते २० पर्यंत दर मिलिमीटरला एक माप मिळतं, त्यापुढे दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्याने. कंबर भोकात बसते आणि स्वतःला मध्यभागी आणते. याला सेल्फ-सेंटरिंग म्हणतात आणि या रचनेचं मोठेपण त्यातच आहे. चकती एका बाजूला सरकून भोकाची कड उघडी पडण्याची भीती त्यामुळे कमी होते.

चकत्यांचं गणित मात्र पालकांनी समजून घ्यावं असं आहे. डावी चकती उजवीपेक्षा मोठी असते, कारण डाव्या बाजूचा दाब जास्त असतो. १० मिमीपर्यंतच्या मापांत डावी चकती कंबरेपेक्षा १२ मिमीने मोठी असते, ११ ते ३४ च्या मापांत १४ मिमीने. म्हणजे ‘१८ नंबरचं’ डिव्हाइस म्हटलं तर आत उघडणारी डावी चकती ३२ मिमीची आणि उजवी २८ मिमीची. चार वर्षांच्या मुलाचा पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ३४-३५ मिमी भरत असेल तर हे डिव्हाइस त्यात मावेल, पण कुठेही फारशी मोकळी जागा उरणार नाही. पडदा ३० चा असेल तर मावणारच नाही, मग भोक कितीही सुबक असो. ‘भोक तर १६ मिमीचंच आहे, मग लहान मुलाला डिव्हाइस का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर या बेरजेत आहे.

कोणत्या भोकाला चालतं

फक्त सेकंडम प्रकाराला, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेल्या भोकाला. प्रायमम प्रकारात खालची कड झडपांना चिकटलेली असते. सायनस व्हेनोससमध्ये भोक वर, महाशिरेच्या तोंडाशी असतं आणि बहुतेक वेळा उजव्या फुफ्फुसाची एखादी शीर चुकीच्या ठिकाणी उघडत असते. या दोन्हींना हे उपकरण नाही. त्यांची शस्त्रक्रियाच होते आणि ती चांगली होते.

सेकंडममध्ये कडा मोजायच्या. महाशिरांकडची, झडपांकडची, फुफ्फुसाच्या शिरेकडची आणि मागची कड किमान ५ मिमी हवी. महाधमनीकडची, म्हणजे एओर्टाकडची कड नसली तरी डिव्हाइस बसतं, कारण चकत्या महाधमनीच्या फुगीर मुळाला मिठी मारून राहतात. हीच सवलत पुढे दुखणं होऊ शकते, त्याबद्दल खाली येईल. खालच्या महाशिरेकडची कड मात्र नसेल तर या वाटेला जाऊच नये. डिव्हाइस निसटण्याचं ते ठरलेलं कारण आहे, आणि साध्या छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) नेमकी तीच कड नीट दिसत नाही.

घाई कुणी करावी, कुणी करू नये? तान्ह्या बाळाच्या इकोत दिसलेलं ३ मिमीच्या आतलं भोक दीड वर्षाचं होईपर्यंत जवळपास नेहमी आपोआप बुजतं. ८ मिमीच्या पुढचं क्वचितच. मधल्यांची वाट पाहायची. हृदयाची उजवी बाजू फुगलेली नसेल, मूल वाढत असेल, तर काही बिघडत नाही. साधारणपणे तीन-चार वर्षांनंतर, १५ किलोच्या आसपास वजन झालं की शिरा आणि पडदा दोन्ही सोयीचे होतात. त्याआधी डिव्हाइस लावायला सबळ कारण हवं.

उलट टोकाला मोठ्या वयात प्रथमच सापडलेले रुग्ण असतात. तिशी-चाळिशीत, कधी बाळंतपणात धाप लागली म्हणून तपासणी होते आणि एएसडी निघतो. इथे फुफ्फुसातला दाब आणि अडथळा कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, मोजल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही. अडथळा ५ वुड युनिटच्या (हे तो मोजायचं एकक) आत असेल आणि रक्ताचा प्रवाह डावीकडून उजवीकडेच दीडपट किंवा जास्त असेल तर बंद करता येतं. प्रवाह उलटला असेल, ओठ-नखं निळी पडत असतील, तर भोक हा उजव्या बाजूचा सुटकेचा मार्ग असतो. तो बंद केला तर उजवा खालचा कप्पा निकामी होतो. साठीनंतर आणखी एक धोका असतो. डावा खालचा कप्पा ताठर झालेला असतो आणि भोक बंद होताच सगळं रक्त त्याच्याकडे वळून फुफ्फुसात पाणी साठतं. म्हणून फुग्याने भोक तात्पुरतं बंद करून दहा-पंधरा मिनिटं डावा दाब पाहतात. वाढला तर आधी लघवीच्या औषधांची तयारी करतात, किंवा मुद्दाम छोटं छिद्र ठेवलेलं डिव्हाइस वापरतात.

माप: सगळा खेळ इथे

भोक गोल असतंच असं नाही, आणि कडा घट्ट असतात असंही नाही. त्यामुळे माप दोन प्रकारे घेतात. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत तीन-चार कोनांतून व्यास मोजायचा. दुसरा मार्ग म्हणजे मापाचा मऊ फुगा भोकात ठेवून हळूहळू फुगवायचा. रंगीत डॉपलरवर (इकोत रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी पद्धत) फुग्याभोवतीचा प्रवाह थांबला की तिथेच थांबायचं आणि फुग्यावर पडलेली कंबर मोजायची. प्रवाह थांबल्यावरही फुगवत राहिलं तर मऊ कडा ताणल्या जातात, माप तीन-चार मिमीने जास्त येतं, आणि त्या मापाचं डिव्हाइस गरजेपेक्षा मोठं ठरतं. फुग्याच्या मापाइतकंच, ते उपलब्ध नसेल तर लगेच पुढचं माप घ्यावं. फुगा न वापरता केवळ इकोवर निवड करणारी केंद्रं आपल्याकडे भरपूर आहेत. ती बहुधा इकोच्या मापात दोन ते चार मिमी मिळवतात. कडा घट्ट असतील तर दोन, लवलवत्या असतील तर थोडं जास्त. अनुभवी हातात ही पद्धत चांगली चालते. मात्र निवडलेलं डिव्हाइस इकोवरच्या न ताणलेल्या मापाच्या दीडपटीकडे जायला लागलं, तर थांबून सर्जनशी बोलण्याची वेळ आली असं समजावं.

‘निसटायला नको म्हणून थोडं मोठंच टाकू’ ही वृत्ती घातक आहे. निसटलेलं डिव्हाइस बहुतेकदा रुग्णालयातच, डॉक्टर समोर असताना कळतं. मोठं डिव्हाइस घरी गेल्यावर, कधी काही वर्षांनी, भिंत घासतं.

टेबलावर काय होतं

लहान मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांना कधी हलकी गुंगी. उजव्या जांघेतल्या शिरेतून वाट करतात. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन किलोला १०० युनिट, आणि रक्त गोठण्याची वेळ किमान २०० सेकंदांच्या वर, शक्यतो २५० च्या वर राखतात. आधी दाब आणि ऑक्सिजनचे नमुने घेतात. मग कॅथेटर भोकातून पार करून डाव्या वरच्या फुफ्फुस-शिरेत ठेवतात आणि त्यावरून ताठ तार, तारेवरून लांब शीथ, म्हणजे डिव्हाइस आत नेणारी पोकळ नळी. लहान मापांना ६-७ फ्रेंचची शीथ पुरते, सर्वांत मोठ्यांना १२ फ्रेंच लागते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे १२ फ्रेंचच्या शीथची आतली पोकळीच ४ मिमी. १५ किलोच्या मुलाच्या शिरेला हा आकडा किती मोठा आहे, ते यावरून कळावं.

डिव्हाइस ते ढकलायच्या वेगळ्या तारेच्या टोकाला स्क्रूने बसवतात, सलाइनच्या पाण्याखाली लोडरमध्ये (भरायच्या आखूड नळीत) ओढतात म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. शीथ हवामुक्त करताना तिचं मागचं टोक हृदयाच्या पातळीखाली धरून रक्त आपणहून बाहेर येऊ द्यायचं. सिरिंजने जोरात ओढलं तर हवा आत येते. हा साधा नियम चुकला की हवेचा बुडबुडा उजव्या हृदयधमनीत जातो आणि मॉनिटरवर ईसीजीचा ‘एसटी’ नावाचा भाग उंचावतो. बहुतेक वेळा शंभर टक्के ऑक्सिजनवर काही मिनिटांत ओसरतो, पण ती मिनिटं टाळता येण्याजोगी असतात.

डावी चकती डाव्या वरच्या कप्प्यात उघडायची, पडद्यापर्यंत मागे ओढायची, मग कंबर आणि उजवी चकती. तार पुढे-मागे ढकलून, ओढून डिव्हाइस जागचं हलतं का ते बघायचं. त्यानंतर इकोवर एकेक कड दोन्ही चकत्यांच्या मध्ये सापडली आहे का, मिट्रल झडप (डाव्या दोन कप्प्यांमधली) मोकळी उघडते का, महाशिरा आणि उजव्या फुफ्फुसाची शीर अडलेली नाही ना, हे तपासायचं. या घडीला स्क्रू अजून लागलेला असतो. काहीही खटकलं तर सगळं परत शीथमध्ये ओढून घेता येतं, कितीही वेळा. आमच्या दृष्टीने या उपकरणाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि जुन्या छत्र्यांवर त्याने मात केली ती यामुळेच. ईसीजीवर नवा हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या विद्युतमार्गातला अडथळा, दिसला तर तार सोडूच नये, डिव्हाइस काढून घ्यावं. सगळं ठीक असेल तर तार घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून सोडतात. तारेचा ताण गेला की डिव्हाइस थोडं कलतं. ताणाखाली वाकडं दिसणारं डिव्हाइस सुटल्यावर सरळ होतं, आणि कधी सरळ दिसणाऱ्याची कड सुटल्यावर निघते. मूळ अ‍ॅम्प्लात्झरचा स्क्रूचा जोड ताठ आहे, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत खरी बैठक दिसत नाही. हा त्याचा ठळक दोष.

आणखी दोन अडचणी. मोठं भोक आणि महाधमनीकडची कड नसेल तर डावी चकती पडद्याला समांतर न राहता काटकोनात येते आणि पुढची कड उजव्या कप्प्यात घसरते. त्यावर उपाय म्हणजे चकती डाव्या किंवा उजव्या फुफ्फुस-शिरेच्या तोंडात थोडी अडकवून उघडणं, किंवा फुग्याचा टेकू देऊन चकती पलीकडे धरून ठेवणं. दुसरी अडचण ‘कोब्रा’. चकती गोल न उघडता नागाच्या फण्यासारखी वळून राहते. आत ओढून पुन्हा उघडावी. पुन्हा तेच झालं तर ते डिव्हाइस बाजूला ठेवून नवीन घ्यावं, जबरदस्ती करू नये.

काय बिघडतं, आणि का

निसटणं, म्हणजे एम्बोलायझेशन, शंभरात साधारण एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी होतं. कारणं ठरलेली आहेत: माप लहान, खालची कड अपुरी, किंवा कड पकडली गेली नसताना सोडलेली तार. बहुतेक प्रसंग पहिल्या २४ तासांतले असतात. डिव्हाइस फुफ्फुसाच्या धमनीत किंवा एखाद्या खालच्या कप्प्यात जाऊन बसतं, क्वचित महाधमनीत. मूल कधी कधी ठणठणीत दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचा इको झाल्याशिवाय घरी सोडू नये. नळीतून फास टाकून ते काढता येतं, पण फास उजव्या चकतीवरच्या स्क्रूच्या मुंडीलाच बसावा लागतो, आणि शीथ मूळपेक्षा किमान दोन फ्रेंच जाड लागते. जमलं नाही तर ऑपरेशन. म्हणून बालहृदय-सर्जन त्याच इमारतीत नाही अशा ठिकाणी हा उपचार करून घेऊ नये. पालकांनी विचारायच्या प्रश्नांत हा आम्ही सर्वांत वर ठेवतो.

झीज, म्हणजे इरोजन, हजारात एक ते तीन जणांमध्ये होते. आकडा लहान आहे, परिणाम मोठा. चकतीची कड हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कप्प्याच्या छतावर आणि महाधमनीच्या मुळावर घासते. भिंत फाटली तर हृदयाच्या आवरणात रक्त साठतं, किंवा महाधमनी आणि वरचा कप्पा यांच्यात नवी वाट पडते. बरेच प्रसंग पहिल्या तीन दिवसांत घडले आहेत, काही मात्र वर्षांनी. एफडीएने या प्रश्नावर २०१२ मध्ये तज्ज्ञांची बैठकही घेतली होती. बहुतेकांत महाधमनीकडची कड अपुरी आणि डिव्हाइस मोठं, असा जोड आढळतो. तरी घाबरण्याआधी हे लक्षात घ्यावं, की ही कड अपुरी असलेले रुग्ण खूप असतात आणि त्यातल्या बहुसंख्यांना काहीही होत नाही. म्हणून त्या कडेवरून नकार द्यायचा नसतो, माप आवळून घ्यायचं असतं. दुसऱ्या दिवशीच्या इकोत आवरणात थोडंही नवं पाणी दिसलं, तर ‘बघू’ म्हणून सोडून देऊ नये.

घरी गेल्यावर छातीत दुखणं, अचानक धाप, चक्कर येऊन पडणं, मूल पांढरंफटक पडणं यांपैकी काहीही झालं तर थेट इको असलेल्या रुग्णालयात जावं. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून रात्र काढू नये. तिथल्या डॉक्टरांना डिव्हाइस आहे हे पहिल्या वाक्यात सांगावं.

लय बिघडणं जास्त वेळा दिसतं आणि बहुधा सौम्य असतं. पहिल्या काही आठवड्यांत जादा ठोके पडतात. लहान मुलात मोठं डिव्हाइस असेल तर विद्युतमार्गावर दाब येऊन हार्ट ब्लॉक होऊ शकतो. काही प्रौढांना सुरुवातीच्या महिन्यांत अर्धशिशीसारखी डोकेदुखी होते, ती बहुतेकदा थांबते. डिव्हाइसवर गुठळी होण्याचं प्रमाण अ‍ॅम्प्लात्झरमध्ये कमी आहे, गोळ्या वेळेवर घेतल्या तर. निकेलची अ‍ॅलर्जी हा मुद्दा अनेकदा हसण्यावारी नेतात, नेऊ नये. नकली दागिन्याने, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा पँटच्या बटणाने अंगावर चट्टे उठत असतील तर आधी सांगावं. रक्तातलं निकेल पहिल्या महिन्यात वाढतं आणि वर्षभरात मूळ पातळीवर येतं. डिव्हाइसवर पेशींचं अस्तर चढलं की निकेल झिरपणं कमी होतं.

इतर पर्याय

ऑक्लुटेकचं फिगुला फ्लेक्स स्क्रूऐवजी गोळीच्या सांध्याने धरलेलं असतं. त्यामुळे तार सोडण्याआधीच डिव्हाइस पडद्याच्या कलानुसार वळतं आणि खरी बैठक आधी दिसते. डाव्या चकतीवर मुंडी नाही, म्हणजे तिथे धातूही कमी. ताठ जोडाचा जो दोष वर सांगितला त्याचं हे थेट उत्तर आहे, आणि कडा अपुऱ्या असताना आम्ही त्याकडे झुकतो. लाइफटेकच्या सेरा मालिकेत तारांवर टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो, कोकूनमध्ये प्लॅटिनमचा. दोन्हींचा हेतू निकेल कमी झिरपावं हा. आपल्याकडे दोन्ही भरपूर वापरली जातात आणि योग्य मापात चांगलं काम देतात. बजेटसाठी यांतलं घेतलं तर मुलाला दुय्यम उपचार मिळाला असं मुळीच समजू नये.

गोरचं कार्डिओफॉर्म एएसडी ऑक्लुडर वेगळ्या जातीचं आहे. तारांच्या सांगाड्यावर मऊ पडदा, त्यामुळे भिंतीवर ताण कमी. सहा महिन्यांच्या एक्स-रेत तार तुटलेली दिसण्याचं प्रमाण त्यात लक्षणीय आहे, पण त्याचा रुग्णाला त्रास झाल्याचं क्वचितच दिसतं. त्याचा आकडा चकतीचा असतो, कंबरेचा नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

आणि शस्त्रक्रिया? ती हरल्याची खूण नाही. चांगल्या केंद्रात सेकंडम एएसडीच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून बरंच कमी आहे. हृदयात धातूचं उपकरण राहत नाही, झीज होत नाही. व्रण राहतो, मुक्काम चार-सहा दिवसांचा, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हृदयाच्या आवरणाला सूज येऊन ताप, उलटी, धाप लागू शकते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. पुढे मोठ्या वयात एट्रियल फिब्रिलेशनसाठी (वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा आजार) डाव्या कप्प्यात जायचं झालं तर पडद्याला टोचून वाट करावी लागते, आणि मोठं डिव्हाइस त्या वाटेत येतं. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशोब पन्नास वर्षांचा आहे. कडा अगदीच कमी आणि लागणारं डिव्हाइस पडद्याच्या तोंडोतोंड, अशी स्थिती असेल तर आम्ही सर्जनच्या बाजूने मत देऊ.

एक इशारा व्हीएसडीबद्दल, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या भोकाबद्दल. ‘एएसडीला छत्री लावतात तशी यालाही लावा’ इतकं ते सरळ नाही. या पडद्याच्या पातळ, पटलीय भागातलं भोक विद्युतमार्गाला खेटून असतं. याच घराण्याच्या सुरुवातीच्या व्हीएसडी डिव्हाइसने पूर्ण हार्ट ब्लॉकचं प्रमाण काळजी वाटावी इतकं दाखवलं होतं. आता कोनार-एमएफसारखी मऊ उपकरणं आहेत, परिस्थिती सुधारली आहे, पण निवड फार काळजीपूर्वक होते.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी घरी. अ‍ॅस्पिरिन किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणानंतर, सहा महिने. १५ किलोच्या मुलाला ४५ ते ७५ मिलिग्रॅम. प्रौढांना काही महिने क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड देतात. या काळात तापाला पॅरासिटामॉल द्यावं. आयबुप्रोफेन टाळावं, ते अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कमी करतं. कांजिण्या किंवा फ्लू झाला तर अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायचं की नाही ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं, आणि कांजिण्यांची लस द्यायची असेल तर तीही विचारूनच.

सहा महिन्यांत दात काढणं, हिरड्यांचं काम निघालं तर आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. सहा महिन्यांनंतर, आणि भोकातून गळती नसेल तर, गरज राहत नाही. किडके दात मात्र डिव्हाइसच्या आधीच दुरुस्त करून घ्यावेत, हे आपल्याकडे सर्रास राहून जातं. जांघेत सूज किंवा पाय थंड, निळा वाटला तर लगेच दाखवावं. पळणं-खेळणं आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं. कबड्डी, कुस्ती, उंच उडी, जड उचलणं किमान महिनाभर बंद. गर्भधारणा सहा महिने पुढे ढकलावी. एमआरआय करता येतो, विमानतळाच्या दारातून जाता येतं.

इको दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि त्यानंतरही ठरावीक वर्षांनी, मूल मोठं झाल्यावरसुद्धा. उशिरा होणारी झीज ज्यांना गाठते त्यांच्यापैकी काहींना आधी काहीच त्रास नसतो. पहिल्या वर्षानंतर इको बंद करणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी त्रुटी आहे, आणि त्यात डिव्हाइसचा काही दोष नाही.

पैसे आणि कागद

अंगणवाडी किंवा शाळेतल्या मुलाच्या बाबतीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग आधी पाहावा. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. फिरत्या पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं, तिथून पुढचं रुग्णालय ठरतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही एएसडी बंद करण्याचा उपचार येतो. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती पहिल्याच दिवशी हाती घ्या, मंजुरी बहुधा तिथेच अडकते. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाचे उपचार पूर्ण मोफत होतात, तिथे बिल काउंटरच नाही.

खासगीत करत असाल तर अंदाजपत्रकात डिव्हाइस, शीथचा संच आणि मापाचा फुगा वेगळे लिहून मागा. शीथ नवीन आहे की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेली, हे विचारण्यात संकोच करू नका. आणि डिव्हाइस बसलं नाही, परत काढावं लागलं, तर त्याचे पैसे कोण भरणार, हे आधीच लेखी घ्या. टेबलावरचा निर्णय खर्चाच्या भीतीने वाकू नये म्हणून हे गरजेचं आहे. पहिलं माप जमलं नाही तर दुसरं लागतं, त्यामुळे त्या दिवशी कॅथलॅबमध्ये शेजारची दोन-तीन मापं हजर आहेत का, हेही विचारा.

डिस्चार्जच्या वेळी डिव्हाइसच्या खोक्यावरचं चिकटपट्टीचं लेबल फाइलवर लावलेलं हवं. अ‍ॅम्प्लात्झरवर ९-एएसडी-०१८ असा क्रमांक असेल तर शेवटचे तीन अंक म्हणजे माप, आणि त्याशेजारी लॉट क्रमांक. या लेबलाचा, इम्प्लांट कार्डाचा आणि डिस्चार्जआधीच्या इको अहवालाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. अहवालात कडांची मापं, पडद्याची एकूण लांबी, डिव्हाइसचं महाधमनीशी असलेलं नातं आणि उरलेली गळती, या चार नोंदी आहेत का ते वाचून घ्या. नसतील तर तिथेच थांबून लिहून मागा, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना तुलना करायला हाच कागद लागतो.